डिसॅबिलिटी पेन्शन : नकाराचे पत्र आल्यानंतर

आजारामुळे किंवा दुखापतीमुळे सैन्यातून लवकर घरी आलेल्या जवानाला काही महिन्यांनी त्याच्या रेकॉर्ड ऑफिसचे पत्र येते. तो तोफखान्यात असेल तर नाशिक रोड कॅम्पहून, बॉम्बे सॅपर्सचा असेल तर खडकीहून, रणगाडा दळाचा असेल तर अहिल्यानगरहून, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा असेल तर बेळगावहून. मजकूर बहुतेक ठरलेला असतो. तुमचे अपंगत्व लष्करी सेवेमुळे उद्भवलेले नाही आणि सेवेमुळे वाढलेलेही नाही, सबब डिसॅबिलिटी पेन्शनचा दावा नामंजूर. शेवटी, सहा महिन्यांच्या आत अपील करता येईल, अशी एक ओळ असते.

पुष्कळजण हे पत्र डिस्चार्ज बुकात घडी घालून ठेवतात आणि विषय संपला असे समजतात. इतक्या डॉक्टरांनी सही करून दिले, त्यावर आपण काय बोलणार, असे त्यांना वाटते. पण या नकारावर अपिलांची एक पूर्ण व्यवस्था उभी आहे. तिथे निर्णय कोणत्या प्रश्नावर फिरतो हे एकदा कळले, की त्याच पत्राचा अर्थ वेगळा लागतो.

आधी पैशाचे. डिसॅबिलिटी पेन्शनचे दोन भाग असतात. सर्व्हिस एलिमेंट म्हणजे सेवेबद्दलची पेन्शन, साधारण शेवटच्या वेतनाच्या निम्मी. डिसॅबिलिटी एलिमेंट म्हणजे अपंगत्वाबद्दलची भर. अपंगत्व १०० टक्के असेल तर ही भर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, आणि कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. समजा एखाद्या हवालदाराचे शेवटचे मूळ वेतन ४०,००० रुपये आणि मिलिटरी सर्व्हिस पे ५,२०० रुपये होते. बेरीज ४५,२००. १०० टक्क्यांना १३,५६० रुपये, तर २० टक्क्यांना २,७१२ रुपये, आणि त्यावर महागाई भत्ता. युद्धात किंवा युद्धसदृश कारवाईत जायबंदी झालेल्यांची वॉर इंज्युरी पेन्शन वेगळी. तिथे हा दर किमान दुप्पट आहे.

पंधरा वर्षे पुरी करून पेन्शनीवर आलेल्या जवानाच्या दृष्टीने ‘सेवेमुळे’ आणि ‘सेवेमुळे नाही’ या दोन शेऱ्यांतला फरक म्हणजे ही वरची भर. पण आठव्या-नवव्या वर्षी बोर्ड आउट झालेल्याची, म्हणजे मेडिकल बोर्डाने अनफिट ठरवून मध्येच घरी पाठवलेल्याची गोष्ट वेगळी आहे. अपंगत्व सेवेमुळे आले असे ठरले तर त्याला सेवा कितीही कमी असली तरी दोन्ही भाग आयुष्यभर मिळतात. तसे ठरले नाही, तर पूर्वी दहा वर्षांच्या आतल्या माणसाच्या हातावर एकरकमी ग्रॅच्युइटी ठेवली जाई आणि संबंध संपे. २०२० च्या आदेशाने अशांनाही इनव्हॅलिड पेन्शन मिळू लागली, पण ४ जानेवारी २०१९ ला किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांनाच. त्याआधी घरी आलेला, आता पन्नाशी-साठीत असलेला माणूस अजून त्या एका शेऱ्यावरच लटकलेला आहे.

हा शेरा लिहिते मेडिकल बोर्ड. सेवा मध्येच थांबवायची असेल तर इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड, मुदत संपून घरी जाताना रिलीज मेडिकल बोर्ड. दोन्हींच्या कामकाजाचा फॉर्म एकच, एएफएमएसएफ-१६. त्यात आजाराचे नाव, तो प्रथम कधी आणि कुठे सुरू झाला, तेव्हा पोस्टिंग कुठे होते, भरतीच्या आधी तो होता का, भरतीच्या वेळी तपासणीत कळला असता का, अशी माहिती भरायची असते. मग प्रत्येक आजारापुढे तीन गोष्टी लिहायच्या: हा आजार सेवेमुळे उद्भवला का, सेवेमुळे वाढला का, आणि अपंगत्व किती टक्के. त्याच्या शेजारी कारणांचा रकाना असतो. पुढच्या सगळ्या अपिलांचा जीव या रकान्यात आहे. कित्येक फॉर्ममध्ये तिथे एवढेच सापडते: ‘आजार घटनात्मक स्वरूपाचा आहे’, ‘सेवेशी संबंध नाही’, ‘शांत ठिकाणी सुरू झाला’. घटनात्मक म्हणजे शरीराच्या मूळ घडणीतूनच आलेला, आणि शांत ठिकाण म्हणजे सीमेपासून आणि मोहिमांपासून दूरचे पीस स्टेशन. एक ओळ, कधी चार शब्द.

ही ओळ पुरेशी आहे का, याचे सविस्तर उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात दिले. हा निकाल प्रत्येक अपिलात उद्धृत होतो, म्हणून त्याची हकिगत माहीत असावी. धरमवीर सिंग १५ जून १९८५ रोजी सिग्नल कोरमध्ये शिपाई म्हणून भरती झाले. फिट येऊ लागली आणि १ एप्रिल १९९४ रोजी २० टक्के अपंगत्वासह त्यांना घरी पाठवण्यात आले. बोर्डाने म्हटले की या आजाराचा सेवेशी संबंध नाही. पेन्शन नाकारली गेली. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तो फिरवला. घरी परतल्यानंतर एकोणीस वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन मान्य केली.

न्यायालयाने नवा कायदा केला नव्हता. १९८२ चे एन्टायटलमेंट रूल्स नीट वाचले, इतकेच. त्या नियमांत म्हटले होते की भरतीच्या वेळी नोंद झालेला दोष सोडला, तर जवान शरीराने आणि मनाने धडधाकट होता असे गृहीत धरायचे. नंतर तब्येत ढासळून तो सेवेबाहेर गेला, तर ती सेवेमुळे ढासळली असे मानायचे. हे सिद्ध करण्याचा भार दावेदारावर नाही. शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यायचा. आणि आजार भरतीच्या वेळी कळण्यासारखा नव्हता असे डॉक्टरांचे मत असेल, तर त्यांनी तसे मत कशावरून बनवले ते लिहून द्यायचे. धरमवीर सिंग यांच्या कागदांत भरतीच्या वेळी कोणत्याही आजाराची नोंद नव्हती आणि बोर्डाने कारणही दिले नव्हते. पेन्शन मंजूर करणाऱ्यांनी हे दोन्ही न पाहता बोर्डाच्या शेऱ्यावर शिक्का मारला, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले.

या गृहीतकामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. भरतीच्या मैदानावर पोरांना उघडे करून तपासले जाते. डोळे, कान, दात, छाती, गुडघे, तळपाय बघून शेकडोंना परत पाठवले जाते. ज्याला घेतले, त्याला सरकारच्याच डॉक्टरने निरोगी म्हणून घेतलेले असते. तोच माणूस नऊ वर्षांनी आजारी होऊन बाहेर पडत असेल, तर मधल्या वर्षांचा हिशेब ज्याच्याकडे आहे त्याने उत्तर द्यावे. पोस्टिंगची नोंद, हॉस्पिटलचे कागद, ड्युटीचे रजिस्टर हे सगळे सरकारच्या ताब्यात असते. जवानाजवळ असते एक ट्रंक.

डॉक्टरांनी कारण कसे शोधायचे, हेही लिहून ठेवलेले आहे. ‘गाइड टू मेडिकल ऑफिसर्स’ नावाची सरकारी मार्गदर्शिका आहे, २००२ ची, २००८ मध्ये सुधारलेली. तिच्यात आजारवार सूचना आहेत. हृदयविकाराच्या झटक्यासाठी त्याआधीच्या चौदा दिवसांत माणूस नेमके काय काम करत होता ते बघायचे. उच्च रक्तदाब आणि मधुमेहासाठी फील्ड एरिया, अतिउंच प्रदेश, बंडखोरीविरोधी मोहीम यांतल्या सेवेचा ताण विचारात घ्यायचा. म्हणजे मधुमेह आहे, तो कुणालाही होतो, असे म्हणून बोर्डाला मोकळे होता येत नाही. पूंछमध्ये काढलेली तीन वर्षे आणि त्यानंतर पुण्यात सापडलेली साखर यांचा संबंध नाही असे म्हणायचे असेल, तर तो का नाही ते सांगावे लागते. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये मधुमेहाच्याच एका प्रकरणात हे बजावले. आजार शांत ठिकाणी उघड झाला, एवढे म्हणणे पुरेसे कारण नाही.

दुखापतीच्या प्रकरणांत कागद निराळे असतात. तिथे इंज्युरी रिपोर्ट, म्हणजे आयएएफवाय-२००६, आणि गरज असेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी. मुख्य प्रश्न असतो, त्या क्षणी माणूस ड्युटीवर होता का. युनिटने भरवलेल्या खेळात पाय मोडला तर ती ड्युटी. रजेवर जाताना किंवा रजेहून परतताना अपघात झाला तरी बहुधा ड्युटी. १९९९ च्या मदनसिंग शेखावत प्रकरणात जवान स्वतःच्या खर्चाने प्रवास करत होता, तरीही न्यायालयाने त्याची बाजू घेतली. मात्र रजेवर गावी असताना स्वतःच्या कामासाठी स्कूटरवरून जाताना झालेला अपघात सेवेशी जोडता येत नाही, असे जुझार सिंग प्रकरणात २०११ मध्ये ठरले. अशा प्रकरणात आशा लावून वकिलाकडे पैसे भरण्याआधी हा निकाल वाचलेला बरा.

आता वाट कशी जाते ते पाहू. पहिले अपील सैन्य मुख्यालयातील समितीकडे जाते, रेकॉर्ड ऑफिसमार्फत. साधा अर्ज पुरतो, पण त्यासोबत मेडिकल बोर्डाच्या कामकाजाची प्रत हवी. ती हातात नसेल तर आधी रेकॉर्ड ऑफिसला लिहावे, आणि उत्तर नाही आले तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून या पत्रव्यवहाराला मदत मिळते. प्रत आली की अपिलात तीन गोष्टी मांडायच्या: भरतीच्या वेळी मी तंदुरुस्त होतो, आजार सुरू झाला तेव्हा आणि त्याआधी मी इथे-इथे होतो आणि हे काम करत होतो, आणि बोर्डाने नकाराचे कारण दिलेले नाही किंवा दिलेले कारण मार्गदर्शिकेशी जुळत नाही. बाकी परिस्थितीचे वर्णन, मुलांची शिक्षणे, कर्ज हे खरे असले तरी समितीच्या निर्णयात त्याला जागा नसते. समितीला वाटले तर ती पुन्हा तपासणीसाठी अपील मेडिकल बोर्ड बोलावते.

पहिले अपील फेटाळले, तर पुढच्या सहा महिन्यांत दुसरे अपील, संरक्षण मंत्रालयाच्या पातळीवरच्या समितीकडे. या दोन पायऱ्यांवर काही दावे मंजूर होतात, पण कागदावरच्या मेडिकल बोर्डाला ओलांडण्याची प्रशासनाची तयारी कमी असते. स्वतःच्या फायद्यासाठी मात्र प्रशासनाने बोर्ड ओलांडल्याचा इतिहास आहे. एकेकाळी बोर्डाने अपंगत्व मान्य केले तरी अलाहाबादच्या (आताच्या प्रयागराजच्या) पेन्शन कार्यालयातले वैद्यकीय सल्लागार, माणसाला न बघताच, फाइलीवरून टक्के कमी करत. १९९३ मध्ये माजी सॅपर मोहिंदर सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते चालणार नाही असे सांगितले. प्रत्यक्ष तपासलेल्या डॉक्टरांचे मत, न तपासलेल्याने खोडायचे नाही. इतक्या साध्या गोष्टीसाठी एका जवानाला दिल्लीपर्यंत जावे लागले.

दोन्ही अपिले झाल्यावर, किंवा अर्ज देऊन सहा महिने उलटूनही उत्तर आले नाही तर, आर्म्ड फोर्सेस ट्रायब्यूनलचे दार उघडते. २००७ च्या कायद्याने हे न्यायाधिकरण आले आणि ८ ऑगस्ट २००९ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी त्याचे उद्घाटन केले. त्याआधी जवानाला उच्च न्यायालयात रिट करावी लागे आणि इतर हजारो खटल्यांच्या रांगेत थांबावे लागे. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी न्यायाधिकरणाचे पीठ मुंबईत आहे. पीठावर दोन सदस्य असतात, एक निवृत्त उच्च न्यायालयीन न्यायमूर्ती आणि एक वरिष्ठ निवृत्त लष्करी अधिकारी. ही जोडी विचारपूर्वक ठेवलेली आहे. नियम वाचणारा एक आणि तेरा हजार फुटांवर रात्रीची गस्त म्हणजे काय हे ठाऊक असलेला एक. वकील लावता येतो, स्वतः उभे राहूनही बाजू मांडता येते.

मुदत चुकली म्हणून खचून जाऊ नये. नकाराच्या अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो, पण सबळ कारण असेल तर न्यायाधिकरण उशीर माफ करू शकते. शिवाय पेन्शन दर महिन्याला देय असते, त्यामुळे ती नाकारणे हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय मानला जातो. तारसेम सिंग १९८३ मध्ये बोर्ड आउट झाले आणि सोळा वर्षांनी न्यायालयात गेले. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला, मात्र थकबाकी अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित ठेवली. त्यामुळे उशिराने हक्क बुडत नसला तरी रक्कम बुडते, आणि ती भरून येत नाही.

दावा जिंकताना आणखी एक गोष्ट मागायची राहू नये, ती म्हणजे टक्क्यांचे राउंडिंग. ३१ जानेवारी २००१ च्या सरकारी पत्रानुसार ५० पेक्षा कमी अपंगत्व ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि त्यावर १००. सरकार हा फायदा फक्त बोर्ड आउट झालेल्यांना देत असे. १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही लागू केला. वरच्या उदाहरणातल्या हवालदाराचे २,७१२ रुपये इथे ६,७८० होतात. साधारणपणे २० टक्क्यांखाली डिसॅबिलिटी एलिमेंट मिळत नाही. पण अपंगत्वामुळेच सेवेतून काढले असेल तर ते २० टक्क्यांहून अधिकच होते असे समजावे, असे त्याच वर्षी सुखविंदर सिंग प्रकरणात न्यायालयाने म्हटले. ज्या दोषामुळे नोकरी गेली, तो किरकोळ कसा म्हणायचा?

हे सगळे वाचून प्रत्येक दावा जिंकता येतो असे कुणी समजू नये. स्किझोफ्रेनियाची दोन प्रकरणे शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. २०१९ मध्ये नरसिंग यादव प्रकरणात जवानाची सेवा जेमतेम चार वर्षांची होती. सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ बोर्डाच्या मताला मान दिला आणि पेन्शन नाकारली. मे २०२५ मध्ये राजुमोन प्रकरणात त्याच आजाराच्या, पण नऊ-दहा वर्षे सेवा केलेल्या जवानाची पेन्शन मान्य झाली, कारण बोर्डाने कारणे दिली नव्हती. कारणे देणे हा या प्रक्रियेचा कणा आहे, औपचारिकता नव्हे, असा त्या निकालाचा आशय. म्हणून वकिलाला आजाराचे नाव सांगून ‘होईल का?’ विचारण्यात अर्थ नाही. बोर्डाचा कागद पुढे ठेवावा आणि कारणांच्या रकान्यावर बोट ठेवून विचारावे.

नियमही बदलत गेले आहेत. २००८ च्या नियमांनी जुने गृहीतक सैल केले. सेवाकाळात आजार दिसला म्हणून तो सेवेमुळेच झाला असे आपोआप ठरत नाही, असे त्यात आले. सरकारी वकील आता त्यावर भर देतात. तरी बोर्डाची कारणे देण्याची जबाबदारी त्याने सुटत नाही, असे उच्च न्यायालये सांगत आहेत. २१ सप्टेंबर २०२३ पासून पुन्हा नवे नियम आले, आणि अपंगत्व असूनही मुदत पुरी करणाऱ्यांसाठी त्यांत ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ नावाचा वेगळा लाभ ठेवला आहे. त्यामुळे आपली सेवा कोणत्या तारखेला संपली हे आधी पाहायचे. ज्या तारखेला संपली, त्या वेळचे नियम लागतात. शेजारच्या गावातल्या सुभेदार साहेबांना जे मिळाले, ते तसेच आपल्याला मिळेल असे नाही.

जिंकल्यानंतरची गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. न्यायाधिकरणाने जवानाच्या बाजूने निकाल दिला की सरकार पुष्कळदा वर जाते. या कज्ज्यांचा ढीग बघून मनोहर पर्रीकर यांनी संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली. तिच्यात निवृत्त सेनाधिकारी होते, कारगिलमध्ये पाय गमावलेले मेजर होते, आणि लष्करी कायद्याचे वकीलही होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये दिलेल्या अहवालात समितीने सांगितले की ज्या प्रश्नांवर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल झालेले आहेत, त्यांवर अपंग जवानांविरुद्ध अपिले करू नयेत. ती अपिले थांबली नाहीत. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये परशोत्तम दास प्रकरणात ठरवले. जवानांसाठी ते दार उघडणे योग्यच होते, पण त्याच दाराने सरकारच्या याचिकाही आत आल्या. साठीच्या माणसाविरुद्ध दरमहा काही हजारांसाठी देशाची सर्वांत मोठी पक्षकार संस्था वर्षानुवर्षे उभी राहते, याचे समर्थन मला कोणत्याही हिशेबाने करता येत नाही.

सरकारचे अपील झाले नाही, किंवा फेटाळले गेले, तर निकालाची प्रमाणित प्रत लगेच रेकॉर्ड ऑफिसला पोच घेऊन द्यावी. मंजुरीचे पत्र निघते, मग प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडून दुरुस्त पीपीओ, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर, येतो आणि तो आता स्पर्श पोर्टलवर दिसतो. त्यावर टक्के, राउंडिंग, देय तारीख आणि थकबाकी या चार गोष्टी निकालाशी ताडून पाहाव्यात. राउंडिंग राहून जाणे किंवा देय तारीख पुढची पडणे घडते. निकालात दिलेली मुदत उलटूनही काही आले नाही, तर त्याच पीठापुढे अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. दावा चालू असताना जवान गेला तर पत्नीने वारस म्हणून आपले नाव दाखल करून तो पुढे चालवावा. त्याच्या हयातीतली थकबाकी तिला मिळते.